अमेरिकेतील निवडक महाविद्यालयांत प्रवेशाची शक्यता किती? अर्जांची यादी करण्यापूर्वी मांडायचा हिशेब

महाराष्ट्रातील बारावीच्या विद्यार्थ्याला 'चान्स किती?' या प्रश्नाचे उत्तर कटऑफच्या भाषेत मिळण्याची सवय असते. सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले की गेल्या वर्षीच्या कॅप फेऱ्यांची यादी उघडायची, हव्या त्या महाविद्यालयाची आणि शाखेची ओळ शोधायची, आपला प्रवर्ग पाहायचा, की उत्तर जवळजवळ ठरते. हीच सवय घेऊन तो अमेरिकेतील पदवी अभ्यासक्रमाकडे वळला की गोंधळतो, कारण हार्वर्ड, एमआयटी किंवा स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी कटऑफ नावाची गोष्टच नसते. एसएटी या अमेरिकी प्रवेशपरीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्यांना तिथे नकार येतात आणि त्यांच्यापेक्षा कमी गुण असलेल्यांना प्रवेश मिळतात. हे कळल्यावर पालक दोनांपैकी एका टोकाला जातात: 'ही सगळी लॉटरी आहे' असे म्हणून यादीत वीस प्रसिद्ध नावे भरून टाकतात, किंवा एखादा सल्लागार छातीठोकपणे सांगतो तो टक्का खरा मानून मोकळे होतात.

दर सप्टेंबरला अशा याद्या माझ्यासमोर येतात आणि त्या वाचून मी एका मतापर्यंत आलो आहे. एखाद्या विशिष्ट मुलाची किंवा मुलीची शक्यता टक्क्यांत कोणालाही सांगता येत नाही, पण तिच्यासारख्या उमेदवारासाठी एखाद्या महाविद्यालयात मुळात किती जागा खुल्या आहेत, हे बऱ्याच अंशी मोजता येते. त्यासाठी लागणारे आकडे महाविद्यालये स्वतःच जाहीर करतात आणि बहुतेक अर्जदार ते उघडूनही पाहत नाहीत. पुढील पायऱ्या प्रामुख्याने महाराष्ट्रात शिकणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या विद्यार्थ्यासाठी आहेत.

पायरी १: जाहीर टक्का बाजूला ठेवून 'कॉमन डेटा सेट' उघडा

बहुतेक अमेरिकी महाविद्यालये दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचा एक दस्तऐवज आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. महाविद्यालयाचे नाव आणि हे तीन शब्द शोधयंत्रात टाकले की तो सापडतो. सर्वांची मांडणी एकच असल्याने एकदा वाचायला शिकले की पुढचे काम सोपे होते. त्यातील 'सी-१' या भागात किती जणांनी अर्ज केला, किती जणांना प्रवेश देऊ केला आणि किती जण प्रत्यक्ष दाखल झाले, हे असते. अलीकडच्या आवृत्त्यांत हेच आकडे राज्यातील, राज्याबाहेरील आणि परदेशी अशा वर्गवारीनेही मागितले जातात. काही महाविद्यालये ती रांग भरतात, काही कोरी सोडतात.

भरलेली असेल तर तिथेच पहिला धक्का बसतो. समजा, एका काल्पनिक महाविद्यालयात ४०,००० अर्ज आले आणि २,००० जणांना प्रवेश मिळाला, तर जाहीर टक्का ५ होतो. त्यांपैकी ८,००० अर्ज परदेशी विद्यार्थ्यांचे आणि त्यांना मिळालेले प्रवेश २०० असतील, तर तुमच्या रांगेचा टक्का २.५ आहे, ५ हा आकडा तुमचा कधी नव्हताच. हे उदाहरण अवास्तव नाही. एमआयटीचा एकूण प्रवेशदर अलीकडच्या वर्षांत चार ते पाच टक्क्यांच्या घरात राहिला, तर परदेशी अर्जदारांचा दोन टक्क्यांच्या आसपास.

ती रांग कोरी असेल तर 'बी-२' या भागाकडे जावे. तिथे पहिल्या वर्षाला दाखल झालेल्यांपैकी 'नॉनरेसिडेंट', म्हणजे परदेशी नागरिक, किती हे दिलेले असते. तो आकडा १५० असेल, तर चीन, कोरिया, ब्राझील, नायजेरिया, भारत आणि उरलेले सगळे जग मिळून त्या १५० खुर्च्यांसाठी स्पर्धा करत आहे, असे समजावे.

अमेरिकी विद्यार्थ्यांच्या जागाही सगळ्या सारख्या खुल्या नसतात. हार्वर्डविरुद्ध चाललेल्या आणि जून २०२३ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेल्या खटल्यात जी माहिती पुढे आली, तिच्यानुसार खेळाडू म्हणून निवडलेले, माजी विद्यार्थ्यांची मुले, देणगीदारांशी संबंधित आणि प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुले हे सगळे मिळून अर्जदारांच्या पाच टक्क्यांहूनही कमी होते, पण प्रवेश मिळालेल्यांत त्यांचा वाटा सुमारे तीस टक्के होता. नाशिकच्या किंवा लातूरच्या विद्यार्थ्याला या रांगेत उभे राहता येत नाही, हे हिशेबात धरावे आणि त्यावर चडफडण्यात वेळ घालवू नये.

पायरी २: नववीपासूनची गुणपत्रके एका वहीत मांडा

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यावा. महाराष्ट्रातील शिक्षणव्यवस्थेची घडण आणि अमेरिकी अर्जाची अपेक्षा यांच्यात जी फट आहे, ती इथेच उघडी पडते आणि अनेक हुशार मुलांची शक्यता, कोणाच्या लक्षातही न येता, इथेच कमी होते.

अमेरिकी महाविद्यालय नववी ते बारावी या चार वर्षांना एकच सलग शाळा मानते आणि चारही वर्षांचे गुण मागते. आपल्याकडे राज्य मंडळाचा विद्यार्थी दहावीनंतर शाळा सोडून कनिष्ठ महाविद्यालयात जातो, म्हणजे दोन संस्थांची दोन कागदपत्रे लागतात आणि दहावीपर्यंत त्याला ओळखणारे शिक्षक मागे राहतात. त्यातही जेईई किंवा नीटची तयारी करणारा विद्यार्थी क्लासशी 'टाय-अप' असलेल्या महाविद्यालयात नावापुरता दाखल असतो. अकरावी ही विश्रांतीची इयत्ता आहे असे घरीदारी मानले जाते आणि तिची परीक्षा कशीबशी दिली जाते. अर्ज मात्र बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी, ऑक्टोबर ते जानेवारीत, जातो. म्हणजे निवड करणाऱ्यासमोर असलेले सर्वांत ताजे पूर्ण वर्ष नेमके हे अकरावीचेच असते. दहावीला ९६ आणि अकरावीला ७१ टक्के असलेले कागद मी पाहिले आहेत. त्या मुलाने अकरावीत काय केले हे मला ठाऊक होते, पण दूर कुठेतरी बसून तो कागद वाचणाऱ्या माणसाला फक्त घसरण दिसते.

म्हणून दहावीचा निकाल लागला की, अमेरिकेचा विचार मनात असेल तर, तीन गोष्टी ठरवाव्यात. नियमित वर्ग आणि परीक्षा होतात असेच कनिष्ठ महाविद्यालय निवडावे. अकरावीच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बोर्डाच्या गांभीर्याने द्याव्यात. गणित आणि विज्ञान या विषयांच्या किमान दोन अध्यापकांना आपण नावाने आणि कामाने माहीत असू, अशी वागणूक ठेवावी, कारण शिफारसपत्रे त्यांच्याकडूनच घ्यायची असतात. क्लासच्या सरांचे पत्र अतिरिक्त शिफारस म्हणून जोडता येते, पण ते महाविद्यालयीन अध्यापकाच्या पत्राची जागा सहसा घेऊ शकत नाही.

याखेरीज अर्जात 'काउन्सेलर', म्हणजे शाळेतील मार्गदर्शक, या व्यक्तीचा अहवाल आणि 'स्कूल प्रोफाइल', म्हणजे शाळेची ओळख करून देणारे पत्रक, लागते. आपल्या बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत असे पद नसते, आणि उपप्राचार्य किंवा पर्यवेक्षक ते काम करू शकतात. त्यांना हे सगळे नवे असते, तेव्हा ऑगस्टमध्येच त्यांच्याकडे जावे, काय लागते ते लेखी द्यावे आणि 'स्कूल प्रोफाइल'चा मसुदा तयार करण्यात मदत करण्याची तयारी दाखवावी. या प्रोफाइलमध्ये महाविद्यालयात किती विद्यार्थी आहेत, बोर्डाच्या परीक्षेत साधारण किती जणांना ९० टक्क्यांच्या वर गुण मिळतात, कोणते विषय शिकवले जातात, हे असावे. राज्य मंडळाच्या बारावीत विज्ञान शाखेला ८७ टक्के म्हणजे वर्गात पहिला, दहावा की ऐंशीवा, हे वाचणाऱ्याला त्याशिवाय कळणार नाही. दहावीच्या टक्क्यांबाबतही खुलासा हवा, कारण 'बेस्ट ऑफ फाइव्ह'ची पद्धत आणि चित्रकला, शास्त्रीय संगीत किंवा क्रीडा यांचे वाढीव गुण मिळून जो आकडा तयार होतो, त्याचा अर्थ परक्या वाचकाला लागत नाही. टक्केवारीचे चार गुणांच्या अमेरिकी श्रेणीत रूपांतर स्वतः करू नये. गुण जसे आहेत तसे द्यावेत. भारतातील अर्ज वाचणाऱ्यांना आपल्या मंडळांची ओळख असते आणि घरगुती रूपांतराने शंका मात्र वाढते.

बारावीचे 'अपेक्षित गुण' महाविद्यालयाला कळवावे लागतात. ते अकरावीच्या आणि बारावीच्या पहिल्या सत्राच्या कामगिरीशी जुळणारे असावेत. पुढे जानेवारी-फेब्रुवारीत सत्राचे गुणही पाठवावे लागतात, त्यामुळे बारावीची सहामाही बुडवणे परवडत नाही.

सीबीएसई, आयसीएसई किंवा आयबीच्या विद्यार्थ्यांना यातील बराचसा त्रास नसतो. त्यांची अडचण वेगळी असते: त्यांच्याच शाळेतून त्याच महाविद्यालयाला आणखी आठ-दहा जण अर्ज करत असतात आणि तुलना प्रथम शेजारच्या बाकावरच्याशी होते.

पायरी ३: एसएटीचा आकडा योग्य रांगेत ठेवून पाहा

करोनाच्या काळात बहुतेक ठिकाणी ऐच्छिक झालेली ही परीक्षा आता अनेक नामवंत महाविद्यालयांनी पुन्हा सक्तीची केली आहे. एमआयटीने २०२२ मध्ये सुरुवात केली, २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड आणि कॅल्टेक त्या वाटेने गेले, आणि येलने एसएटी, एसीटी, एपी किंवा आयबी या परीक्षांपैकी एखादीचे गुण देणे आवश्यक केले. उलट, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे शाखा प्रवेश देताना एसएटी पाहतच नाहीत. तेव्हा यादीतील प्रत्येक नावासमोर सक्तीची, ऐच्छिक किंवा निरुपयोगी असा एक शब्द लिहून ठेवावा.

'कॉमन डेटा सेट'च्या 'सी-९' भागात दाखल झालेल्या विद्यार्थ्यांच्या एसएटी गुणांचे पंचविसावे आणि पंचाहत्तरावे पर्सेंटाइल दिलेले असते. समजा ते १४८० आणि १५६० आहे. आपले १५०० गुण असलेला विद्यार्थी 'मी मधोमध आहे' असे म्हणतो आणि निश्चिंत होतो. पण खालच्या पावभागात खेळाडू आणि वर सांगितलेल्या विशेष रांगांतील बरेच जण असण्याचा संभव असतो, आणि भारतातून येणाऱ्या अर्जदारांचे, विशेषतः गणिताचे, गुण सामान्यतः वरच्या टोकाला असतात. त्यामुळे आपल्या विद्यार्थ्याने पंचाहत्तराव्या पर्सेंटाइलच्या जवळ असण्याचे उद्दिष्ट ठेवावे, असे मी सांगतो. जिथे परीक्षा ऐच्छिक आहे तिथे त्याच भागात किती टक्के जणांनी गुण दिले तेही पाहावे. फक्त चाळीस टक्क्यांनी दिले असतील, तर तो पल्ला चांगले गुण असलेल्यांनी निवडून दिलेला आहे. या परीक्षेसाठी दोन, फार तर तीन प्रयत्न करावेत. १५४० चे १५६० करण्यासाठी चौथा प्रयत्न करण्यापेक्षा ते महिने अकरावीच्या अभ्यासाला दिलेले बरे.

पायरी ४: पैशाचा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवा

नामवंत खासगी महाविद्यालयांत शिक्षणशुल्क, राहणे आणि जेवण धरून वर्षाचा खर्च ८५,००० ते ९५,००० डॉलरपर्यंत जातो. डॉलरला ८५ रुपये धरले तरी ९०,००० डॉलर म्हणजे वर्षाला ७६ लाखांच्या वर, आणि हे चार वर्षे. इतका खर्च पेलणारी कुटुंबे थोडी असल्याने आर्थिक साहाय्य मागायचे की नाही, आणि मागितल्यास त्याचा निवडीवर काय परिणाम होतो, हे शक्यतेच्या हिशेबातील सर्वांत वजनदार कलम ठरते.

या बाबतीत महाविद्यालयांचे तीन प्रकार करावेत. पहिल्या प्रकारात परदेशी अर्जदाराची निवड करताना त्याची आर्थिक गरज विचारात घेतली जात नाही आणि निवड झाल्यास पूर्ण गरज भागवली जाते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडॉइन आणि अलीकडे ब्राउन व नोत्र दाम ही त्यांतील प्रमुख नावे. दुसऱ्या प्रकारात गरज विचारात घेतली जाते, पण निवड केली तर ती भागवली जाते. विल्यम्स, ग्रिनेल यांसारखी लहान महाविद्यालये आणि स्टॅनफर्ड या गटात मोडतात. अशा ठिकाणी वर्षाला १०,००० डॉलर भरू शकणारा आणि ५०,००० भरू शकणारा हे दोन उमेदवार एकाच रांगेत नसतात. तिसऱ्या प्रकारात परदेशी विद्यार्थ्याला गरजेवर आधारित साहाय्य जवळजवळ नसते. बहुतेक मोठी सरकारी विद्यापीठे, त्यांत कॅलिफोर्निया विद्यापीठही, इथे येतात.

कोणते महाविद्यालय परदेशी विद्यार्थ्यांना खरोखर किती देते, हे 'कॉमन डेटा सेट'च्या 'एच-६' भागात असते: किती जणांना साहाय्य मिळाले आणि सरासरी किती. माहितीपत्रकात 'उदार शिष्यवृत्त्या' असे लिहिलेले असते आणि इथे मात्र चार जणांची नोंद आढळते, असेही घडते.

आणखी एक नियम आधीच समजून घ्यावा. अर्जाच्या वेळी साहाय्य मागितले नाही, तर पुढील चारही वर्षे परदेशी विद्यार्थ्याला ते मागता येत नाही, असा दंडक अनेक महाविद्यालयांत आहे. 'आधी आत शिरू, मग मागू' हा आपला व्यवहारचातुर्याचा मार्ग तिथे बंद असतो. गरज दाखवण्यासाठी सहसा 'सीएसएस प्रोफाइल' हा अर्ज भरावा लागतो आणि त्यासोबत प्राप्तिकर विवरणपत्रे, फॉर्म १६, बँकेची पत्रके लागतात. शेतीवर अवलंबून असलेल्या कुटुंबाकडे यांतले फारसे काही नसते. त्यांनी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा आणि पिकाच्या विक्रीच्या पावत्या इंग्रजी भाषांतरासह तयार ठेवाव्यात आणि उत्पन्न वर्षागणिक का बदलते हे एका पानात समजावून सांगावे. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या भरवशावर पदवीचा बेत आखू नये, कारण ती पदव्युत्तर आणि पीएचडीच्या शिक्षणासाठी आहे.

पायरी ५: महाविद्यालय आणि विषय ही जोडी म्हणून पाहा

एमआयटी किंवा येलमध्ये प्रवेश संपूर्ण महाविद्यालयात मिळतो आणि मुख्य विषय नंतर ठरवता येतो. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन शाखेत किंवा कार्नेगी मेलनमध्ये मात्र अर्ज विषयासाठी किंवा विशिष्ट विभागासाठी असतो, आणि संगणकशास्त्राची दारे इतरांपेक्षा खूपच अरुंद असतात. विद्यापीठाचा एकूण प्रवेशदर चाळीस टक्के पाहून 'हे तर सोपे' म्हणणारा विद्यार्थी संगणकशास्त्राला अर्ज करतो आणि चकित होतो. 'दुसऱ्या विषयातून शिरू आणि नंतर बदलू' हा बेतही अशा ठिकाणी धोक्याचा असतो, कारण अंतर्गत बदलावर तिथे निर्बंध असतात.

पायरी ६: लवकरच्या फेरीचे आकडे सोलून पाहा

'अर्ली डिसिजन' ही बंधनकारक फेरी असते. विद्यार्थी तिला थोडक्यात 'ईडी' म्हणतात. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतील ईडीइतकी भीतिदायक नसली तरी सुटका तिच्यातूनही सहज होत नाही. कॉर्नेल, ड्यूक, नॉर्थवेस्टर्न, ब्राउन यांसारख्या ठिकाणी १ नोव्हेंबरच्या सुमारास अर्ज करायचा, निवड झाली तर इतर सर्व अर्ज मागे घेऊन तिथेच जायचे, असे वचन विद्यार्थी, पालक आणि शाळा तिघांनी सही करून द्यायचे असते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड यांची लवकरची फेरी बंधनकारक नसते, पण त्याच वेळी दुसऱ्या खासगी महाविद्यालयाला लवकरचा अर्ज करू देत नाही. सरकारी विद्यापीठांना तेव्हाही अर्ज करता येतो. एमआयटी, पर्ड्यू, इलिनॉय यांच्या लवकरच्या फेरीत बंधन नसते.

'सी-२१' भागात ईडीचे आकडे असतात. आपले काल्पनिक महाविद्यालय पुन्हा घेऊ: ४०,००० अर्ज, २,००० प्रवेश. त्यांपैकी ईडीचे अर्ज ५,००० आणि प्रवेश ७५० असतील, तर ईडीचा दर १५ टक्के. उरलेल्या ३५,००० अर्जांतून १,२५० प्रवेश, म्हणजे नियमित फेरीचा दर ३.६ टक्क्यांहून कमी. ५ टक्के हा आकडा दोन्ही फेऱ्यांत कुठेच अस्तित्वात नव्हता. परंतु १५ टक्क्यांनीही हुरळून जाऊ नये, कारण खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुले याच फेरीत मोठ्या संख्येने असतात. साहाय्य मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला ईडीचा लाभ होतो, पण तो जाहीर आकड्यांतील फरकापेक्षा बराच लहान असतो, असे माझे मत आहे. देऊ केलेले साहाय्य अपुरे ठरल्यास ईडीच्या वचनातून मोकळे होता येते. मात्र निरनिराळ्या ठिकाणच्या रकमांची तुलना करण्याची संधी गेलेली असते.

पायरी ७: न मोजता येणाऱ्या भागाचा प्रामाणिक अंदाज

'सी-७' भागात महाविद्यालय कोणत्या गोष्टीला किती महत्त्व देते ते चार स्तंभांत खूण करून दाखवलेले असते. निबंध, शिफारसपत्रे, उपक्रम, मुलाखत, स्वभावगुण, नोकरीचा अनुभव, महाविद्यालयात दाखवलेली रुची हे सगळे तिथे असते. रुची विचारात घेतली जात नाही अशी खूण असेल, तर प्रवेश कार्यालयाला दर आठवड्याला ईमेल पाठवण्यात अर्थ नाही.

'कॉमन ॲप', म्हणजे एकाच ठिकाणाहून अनेक महाविद्यालयांना अर्ज पाठवण्याची ऑनलाइन सोय, यामध्ये दहा उपक्रमांना जागा असते आणि प्रत्येकाचे वर्णन फक्त १५० अक्षरांत करायचे असते. मुख्य निबंध ६५० शब्दांपर्यंत. आपले विद्यार्थी येथे दोन चुका करतात. पहिली, प्रमाणपत्रांची रास लावतात, ज्यात पैसे भरून छापून घेतलेला 'शोधनिबंध' आणि तीन महिन्यांपूर्वी स्थापन झालेली सामाजिक संस्था असते. असे अर्ज वाचणाऱ्याने शेकड्यांनी पाहिलेले असतात. दुसरी चूक उलटी आणि अधिक वाईट: खरोखर वजन असलेले काम लिहीतच नाहीत. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत विशारदपर्यंत गेलेली मुलगी 'तबल्याची आवड' एवढेच लिहिते. हंगामात रोज पहाटे द्राक्षबागेत काम करणारा, किंवा आईच्या खानावळीचा हिशेब ठेवणारा मुलगा त्याचा उल्लेख करायला लाजतो, खरे तर अर्जात कौटुंबिक जबाबदारी आणि पगारी काम यांसाठी स्वतंत्र वर्ग दिलेले आहेत.

गणित-विज्ञानात ऑलिंपियाडची शिडी, उदाहरणार्थ गणितात आयओक्यूएम, मग आरएमओ, मग आयएनएमओ या एकीवर एक परीक्षा, बाहेरच्या वाचकालाही समजते, कारण तिच्या वरच्या टोकाला आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे. आरएमओपर्यंत पोचलेल्या विद्यार्थ्याने किती जणांतून किती जण तिथे पोचतात, ते एका वाक्यात द्यावे. अंदाज करताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा: माझे नाव आणि गुण झाकले, तर उरलेल्या पानांवरून मला ओळखणारा शिक्षक 'ही तीच' असे म्हणेल का? उत्तर नकारार्थी असेल, तर अवघड नावांसमोर परदेशी अर्जदारांच्या सरासरी दरापेक्षाही कमी शक्यता धरावी.

पायरी ८: गुणाकाराचा मोह टाळून यादी बांधा

वीस महाविद्यालये आणि प्रत्येकी ५ टक्के शक्यता असेल, तर किमान एका ठिकाणी प्रवेश मिळण्याची शक्यता ६४ टक्के, असे गणित मुले करून दाखवतात. आकडेमोड बिनचूक आहे, गृहीतक चुकीचे. हे गणित वीस नाणी स्वतंत्रपणे उडवली तर लागू पडते. इथे एकच अर्ज वीस जागी वाचला जातो: अकरावीची घसरण वीसही जणांना दिसते, निबंध रटाळ असेल तर वीसही जणांना रटाळ वाटतो, आणि आर्थिक गरज वीसही ठिकाणी तीच असते. एका ठिकाणचा नकार दुसऱ्या ठिकाणच्या नकाराची शक्यता वाढवतो. म्हणून सारख्या स्वभावाच्या दहा अवघड महाविद्यालयांना मी दहा संधी मानत नाही, दोन किंवा तीन मानतो. शिवाय प्रत्येक अर्जाचे शुल्क साधारण ७५ ते ९० डॉलर असते आणि प्रत्येकाचे वेगळे निबंध असतात. तेराव्या अर्जापासून त्यांचा दर्जा घसरू लागतो. 'कॉमन ॲप' वीस अर्जांपर्यंत परवानगी देते, ती वापरलीच पाहिजे असे नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. निफाडची विद्यार्थिनी, राज्य मंडळ, अकरावीला ८९ टक्के, एसएटी १५१०, आरएमओपर्यंत मजल, घरची द्राक्षबाग, कुटुंब वर्षाला जेमतेम १२ लाख रुपये देऊ शकते, विषय गणित. तिच्या यादीतून तिसऱ्या प्रकारची सगळी विद्यापीठे पहिल्याच दिवशी जातात, कारण तिथे प्रवेश मिळाला तरी जाता येणार नाही. न परवडणारे महाविद्यालय, त्याचा दर ऐंशी टक्के असला तरी, 'सेफ' म्हणता येत नाही. गरज न पाहणाऱ्या गटातून तीन नावे, पूर्ण गरज भागवणाऱ्या लहान महाविद्यालयांतून पाच, त्यांतलेच 'एच-६'मध्ये परदेशी विद्यार्थ्यांचा आकडा सर्वांत भरघोस दिसणारे एक ईडीसाठी, आणि गुणवत्तेवर मोठी शिष्यवृत्ती देणारी दोन कमी प्रसिद्ध विद्यापीठे. तिची खरी सुरक्षित जागा भारतातच आहे: चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा, आयसरची परीक्षा आणि सीईटी. या यादीत अमेरिकेतून एकही होकार न येण्याची शक्यता मी निम्म्याहून जास्त धरीन आणि तसे तिच्या आईवडिलांना ऑगस्टमध्येच सांगेन.

अमेरिकेतच वाढलेल्या मराठी मुलांबाबत थोडे. आईवडील एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आणि मूल त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांच्या एच-४ वर असेल, तर न्यू जर्सीच्या शाळेत बारा वर्षे शिकूनही ते संघराज्य सरकारच्या आर्थिक साहाय्याला पात्र नसते आणि अनेक महाविद्यालयांत साहाय्यासाठी परदेशी गटात मोजले जाते. राज्य विद्यापीठात राज्यातील रहिवाशाचे शुल्क लागू होते का, हे राज्यानुसार बदलते. अशा कुटुंबांनी चौथी पायरी दोनदा वाचावी.

पायरी ९: डिसेंबरपासून जूनपर्यंत

'कॉमन ॲप' १ ऑगस्टला उघडते, बहुतेक लवकरच्या फेऱ्या १ नोव्हेंबरला आणि नियमित फेऱ्या जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात बंद होतात. डिसेंबरच्या मध्यावर लवकरच्या फेरीचा निकाल आला की सगळा हिशेब पुन्हा मांडावा. ती पहिली खरी बातमी असते. साफ नकार आला असेल, तर यादीतील तितक्याच अवघड नावांपैकी एक-दोन कमी करून त्या जागी सोपी नावे घालण्यासाठी अजून दोन आठवडे शिल्लक असतात. निर्णय नियमित फेरीवर ढकलला असेल, तर त्याला अर्धा होकार समजू नये.

नियमित निकाल मार्चमध्ये येतात. एमआयटीचा सहसा १४ तारखेला, 'पाय' (३.१४) या गणिती संख्येच्या मानार्थ. नेमक्या याच दिवसांत बारावीची बोर्डाची परीक्षा सुरू असते, त्यामुळे पेपरच्या आदल्या रात्री पोर्टल उघडायचे नाही असा नियम घरात आधीच ठरवून ठेवावा. प्रतीक्षायादीत नाव आले तर 'सी-२' भागात गेल्या वर्षी त्या यादीतून किती जणांना घेतले ते पाहावे. कधी तो आकडा शून्य असतो, आणि साहाय्य मागणाऱ्याच्या वाट्याला त्यातून सहसा काही येत नाही. होकार कळवण्याची मुदत बहुतेक ठिकाणी १ मे असते, म्हणजे सीईटी आणि बोर्डाचे निकाल हाती येण्याच्या आधीच निर्णय घ्यावा लागतो.

होकार मिळाला तरी तो बारावीच्या अंतिम गुणांवर अवलंबून असतो. अपेक्षित ९० सांगून ७४ आले, तर महाविद्यालय खुलासा मागते आणि क्वचित प्रवेश मागेही घेते. गुणपत्रिका, महाविद्यालयाकडून व्हिसासाठी मिळणारा आय-२० आणि बँकेची कागदपत्रे जमली की मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळवावी लागते. उन्हाळ्यात या तारखा लवकर भरतात, म्हणून पासपोर्टची मुदत आणि त्यावरील नावाचे स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळते की नाही, एवढे दोन तपशील आजच पाहून घ्यावेत.